यंत्राचा नकार आणि माणसाचा हक्क

कर्जाच्या अर्जाचा निकाल आजकाल साहेबांच्या टेबलावर लागण्याआधी संगणकाच्या पडद्यावर लागलेला असतो. अर्जदाराचे उत्पन्न, जुनी कर्जे, हप्त्यांची नियमितता यांचा हिशेब करून यंत्र एक आकडा देते आणि त्यावर कुणाचे शैक्षणिक कर्ज अडते, कुणाचे सुटते. या हिशेबात आता कृत्रिम बुद्धिमत्ताही शिरू लागली आहे. येथे प्रत्येक नियम माणसाने लिहून दिलेला नसतो. लाखो जुन्या नोंदी पाहून यंत्र स्वतःच ठोकताळे बसवते. अशा यंत्राने 'नाही' म्हटले तर जाब कोणाला विचारायचा? युरोपने या प्रश्नाचे उत्तर कायद्यात लिहून ठेवले आहे. पुंडलिकनगरच्या वाचकांनी, विशेषतः विद्यार्थ्यांनी, ते समजून घेणे अगत्याचे आहे असे आम्हांस वाटते.

युरोपला हे शहाणपण ठेच लागून आले. नेदरलँड्समध्ये बालसंगोपन अनुदानात लबाडी करणारे शोधण्यासाठी करखात्याने संगणकाची मदत घेतली. त्या यंत्रणेत अर्जदाराचे राष्ट्रीयत्व हाही धोक्याचा एक निकष होता. हजारो निरपराध पालकांवर लबाडीचा ठपका आला, मिळालेली रक्कम परत करता करता संसार उघड्यावर आले. या प्रकरणी जानेवारी २०२१ मध्ये तेथील मंत्रिमंडळाने राजीनामा दिला.

दुसरे उदाहरण जर्मनीचे. कर्ज नाकारलेल्या एका महिलेने पतगुण देणाऱ्या शुफा या कंपनीकडे आपल्या आकड्याचा हिशेब मागितला. व्यवसायाचे गुपित म्हणून कंपनीने तपशील दिला नाही. ७ डिसेंबर २०२३ रोजी युरोपीय न्यायालयाने निकाल दिला की, बँक जर मुख्यतः त्या आकड्यावरच विसंबून निर्णय घेत असेल, तर आकडा काढणे हाच यंत्राने केलेला निर्णय होय. म्हणून माणसाचे संरक्षण करणारे नियम त्या कंपनीलाही लागू होतात.

युरोपीय संघाचा कृत्रिम बुद्धिमत्ता कायदा १ ऑगस्ट २०२४ रोजी अंमलात आला. त्याचे सूत्र साधे आहे : जितका धोका मोठा, तितका बंदोबस्त कडक. माणसाच्या वागणुकीवरून त्याला सामाजिक गुण देऊन अन्यायाने वागवणे यांसारखे काही वापर २ फेब्रुवारी २०२५ पासून पूर्ण बंद झाले. हा नियम मोडल्यास साडेतीन कोटी युरो किंवा जागतिक उलाढालीच्या ७ टक्के, यांपैकी जास्त असेल तेवढा दंड होऊ शकतो. नोकरभरती, शाळा-कॉलेजातील प्रवेश व परीक्षा, व्यक्तीची कर्जपात्रता हे वापर 'उच्च धोक्याचे' ठरवले आहेत. तेथे नोंदी ठेवणे, शिकवणीची माहिती तपासणे आणि माणसाची देखरेख बंधनकारक केली आहे. ज्याच्यावर परिणाम होतो त्याला निर्णयाचे स्पष्टीकरण मागण्याचा हक्क आहे. बहुपयोगी मोठ्या प्रणालींवर ब्रुसेल्सचे एआय कार्यालय लक्ष ठेवते, बाकी देखरेख प्रत्येक देशाच्या यंत्रणेकडे आहे. बँकांच्या बाबतीत हे काम सर्वसाधारणपणे वित्तीय नियामकांकडेच दिले आहे. अर्थात सारे सुरळीत आहे असे नाही. उच्च धोक्याच्या नियमांना मूळ तारीख २ ऑगस्ट २०२६ होती. ती लांबवण्याचा प्रस्ताव नोव्हेंबर २०२५ मध्ये युरोपीय आयोगानेच मांडला.

आता आपल्याकडे पाहू. रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०२४ मध्ये मुंबई आयआयटीचे प्रा. पुष्पक भट्टाचार्य यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ऑगस्ट २०२५ च्या तिच्या अहवालात सात सूत्रे आणि २६ शिफारशी आहेत. माणूस आधी, न्याय्य वागणूक, उत्तरदायित्व, निर्णय समजेल अशी रचना ही त्यांतील काही सूत्रे. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारनेही मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली, मात्र तूर्त स्वतंत्र कायद्याची गरज नाही अशी भूमिका घेतली. शिफारस आणि कायदा यांत फरक आहे. शिफारस मोडली म्हणून दंड होत नाही.

हा फरक आपल्या वस्त्यांसाठी महत्त्वाचा आहे. यंत्राला जात सांगावी लागत नाही. आडनाव, पत्ता, पिनकोड एवढ्यावरून ते ओळखीच्या वाटेने जाऊ शकते. ज्या वस्तीला पूर्वी कर्जच कमी मिळाले, तिच्या जुन्या नोंदींवर शिकलेले यंत्र जुनाच भेदभाव नव्या आकड्यात मांडण्याचा धोका असतो. संविधानाच्या १५ व्या कलमाने राज्याला जो भेद निषिद्ध केला, तो आकड्यांच्या आडून परत येता कामा नये.

तोवर हाती असलेली साधने तरी वापरावीत. कर्ज नाकारल्यास मुख्य कारण बँकेने लेखी कळवावे, असा दंडक रिझर्व्ह बँकेने २००३ मध्ये दोन लाखांपर्यंतच्या कर्जांना घालून दिला व २००७ मध्ये सर्व कर्जांना लावला. पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा आपला संपूर्ण अहवाल फुकट मिळतो. त्यात चूक असल्यास तक्रार करता येते आणि ३० दिवसांत निवारण न झाल्यास दिवसाला १०० रुपये भरपाईची तरतूद आहे. बँकेने दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेचे लोकपाल आहेत.

काउंटरच्या अलीकडे बसून आम्ही पाहतो की, 'सिस्टीम घेत नाही' एवढे ऐकून माणसे मुकाट्याने परत जातात. विद्यार्थी मित्रांनो, परत जाऊ नका. कारण लेखी मागा, आणि ज्या वडीलधाऱ्यांना अर्ज लिहिता येत नाही त्यांना तो लिहून द्या.