कमावलेला दम

"ह्यात फुंकायचं का वढायचं?" यंत्र उलटसुलट करून बघत आबांनी विचारलं.

"ओढायचं, आबा. सगळी कमाई आत ओढण्यात आहे," फिजिओथेरपिस्ट मुलगी म्हणाली. ती अकलूजहून रुग्णांच्या घरी येते. तिच्या पिशवीत नाकाला लावायचा चिमटा, दाब मोजायचं छोटं मीटर आणि मुठीएवढी प्लास्टिकची नळी असते. त्या नळीत स्प्रिंगवर बसवलेली झडप आहे. ठरावीक जोर लावल्याशिवाय ती उघडत नाही आणि हवा आत येत नाही. व्यायाम म्हणायचा तो एवढाच.

आबांची हयात श्रीपूरच्या साखर कारखान्यात गेली. चंद्रशेखर आगाशे यांनी १९३४ साली बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेट स्थापन केली आणि तिच्या कारखान्याभोवती माळशिरस तालुक्यातलं हे गाव वाढलं. आज इथे पांडुरंग सहकारी साखर कारखाना चालतो. गळिताच्या दिवसांत रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागते आणि वाळत घातलेल्या धोतरावर काजळी बसते. बॉयलरवर पाळ्या केलेली, पॅनवर पाकाची परीक्षा केलेली, गव्हाणीत मोळ्या पडताना पाहिलेली माणसं आता सत्तरी-ऐंशीत आहेत. आबा बॉयलरवाले. तरुणपणी तालमीत जोर-बैठका काढलेले. आता पारापर्यंत जायचं तर मधे दोनदा टेकतात.

"दम लागतोय" ही तक्रार म्हातारपणाच्या खात्यावर लगेच जमा करायची नसते. डॉक्टरांनी आधी हृदय तपासलं, हिमोग्लोबिन पाहिलं, छातीचा फोटो आणि फुप्फुसाची चाचणी केली. दमाचा खुलासा होईल असं मोठं काही निघालं नाही. पण वर्षभरात वजन उतरलं होतं, हाताची पकड ढिली झाली होती, चाल मंदावली होती. लिंडा फ्राइड आणि सहकाऱ्यांनी २००१ साली फ्रेलिटीची, म्हणजे म्हातारपणी येणाऱ्या दुर्बलतेची, पाच लक्षणं मांडली: नकळत घटलेलं वजन, सततचा थकवा, कमजोर पकड, मंद चाल आणि कमी झालेली हालचाल. पाचपैकी तीन जुळली की माणूस फ्रेल. आबांची तीन जुळत होती.

हातापायांचे स्नायू झडलेले डोळ्यांना दिसतात. श्वासाचे स्नायू झडलेले दिसत नाहीत. फुप्फुसाला हवा ओढणारा स्वतःचा स्नायू नाही. त्याच्याखालचं श्वासपटल आणि बरगड्यांमधले स्नायू छाती मोठी करतात, म्हणून हवा आत येते. वयाबरोबर हे स्नायू क्षीण होतात, बरगड्यांचा पिंजरा ताठरतो, पाठीला पोक आलं की श्वासपटलाला नीट खाली सरकता येत नाही. बसल्या जागी काही जाणवत नाही. चढ आला, बादली उचलली की शिल्लक किती उरली आहे ते कळतं. मग माणूस दम लागतो म्हणून चालणं टाळतो, आणि चालणं टाळल्यामुळे दम आणखी लवकर लागतो.

म्हणून आधी मोजणी. आबांना खुर्चीत ताठ बसवलं, कवळी घालायला लावली. नाही तर ओठ आत जातात आणि कडेनं हवा निसटते. नाकाला चिमटा. "सगळी हवा बाहेर सोडा... आणखी... आता ओढा, ओढा, ओढा!" मीटरचं तोंड बंद असतं, त्यामुळे हवा येत नाही, नुसता ओढा मोजला जातो. त्याला मुद्दाम एक बारीक भोक ठेवलेलं असतं. तोंडात हवा कोंडून गालांनी चोखण्याची लबाडी त्यामुळे चालत नाही. जोर छातीचाच लागतो. आबांची मान लाल झाली, खांदे कानाला भिडले. तीन-चार वेळा घेऊन सर्वांत चांगला आकडा धरला: ४२ सेंटिमीटर पाणी. दाब पाण्याच्या उंचीत मोजायची ही रीत. या वयाच्या धडधाकट पुरुषात हा आकडा साधारण ७०-८०च्या आसपास असतो.

सुरुवात आबांच्या ४२च्या ३० टक्क्यांनी, म्हणजे सुमारे १३वर. तिनं नळीची चकती फिरवून स्प्रिंग तेवढी घट्ट केली. सकाळी ३० श्वास, संध्याकाळी ३०. आत जोरात आणि झटक्यात, बाहेर सावकाश. झडप उघडली की फस्स आवाज येतो. तो आला नाही तर तो श्वास धरायचा नाही. आबा पहिल्या दिवशी ओळीनं श्वास घेत सुटले आणि बोटांना मुंग्या आल्या. "घाई केलीत. फार भराभर श्वास घेतला की असं होतं. पाच-सहा श्वास झाले की थांबायचं," तिनं बजावलं. खांदे उचलले की ती दोन बोटं खांद्यावर ठेवते, नुसती टेकवून. हात पोटावर ठेवला की श्वास पोटात उतरतोय का ते आबांचं त्यांनाच कळतं. दर आठवड्याला चकती थोडी पुढे. वजन वाढवत न्यायचं हे तालमीत घाम गाळलेल्या माणसाला वेगळं सांगावं लागलं नाही.

घरात कोविडच्या वेळचं तीन चेंडूंचं यंत्रही होतं. "मग ह्येच का न्हाई चालत?" हा प्रश्न रास्त होता. चेंडू श्वास खोल आणि सावकाश घ्यायला लावतात. शस्त्रक्रियेनंतर फुप्फुस फुलवायला ते दिलं जातं. पण त्यात ठरावीक ओझं नसतं. अनुलोम-विलोमनं श्वास संथ होतो, मन निवतं, तेही करावं. स्नायू मात्र वाढत्या भारानं कमावला जातो, मग तो दंडाचा असो की श्वासपटलाचा.

छातीचा पायांशी असलेला संबंध मला सर्वांत चकित करून गेला. श्वासाचे स्नायू फार दमले की शरीर पायांकडचा रक्तपुरवठा आखडतं घेतं, कारण श्वास चालू राहणं जास्त निकडीचं. पाय जड होतात त्यात छातीचाही वाटा असू शकतो. कोलोराडो विद्यापीठात ५० ते ७९ वर्षांच्या ३६ जणांवर झालेल्या प्रयोगात जास्त भाराचे रोज ३० श्वास, आठवड्यातून सहा दिवस, असे सहा आठवडे केल्यावर वरचा रक्तदाब सरासरी ९ अंकांनी उतरला. तो अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. ती माणसं आबांसारखी खचलेली नव्हती, हे लक्षात ठेवायला हवं. फ्रेल वृद्धांत या व्यायामानं श्वासाची ताकद वाढते हे बऱ्यापैकी पक्कं आहे. तेवढ्यानं चालण्यात किती फरक पडतो, याची उत्तरं अभ्यासागणिक वेगळी येतात.

आणि हे यंत्र दुकानातून आणून कुणीही तोंडाला लावावं असंही नाही. फुप्फुसाभोवती हवा साठण्याचा त्रास होऊन गेलेला, नुकतीच पोटाची किंवा डोळ्याची शस्त्रक्रिया झालेली, कानाचा पडदा फाटलेला असेल तर आधी डॉक्टर. नळी रोज साबणाच्या कोमट पाण्यानं धुवायची, एकाची दुसऱ्यानं वापरायची नाही.

दोन महिन्यांनी मीटरनं ५५ दाखवले. आबा खूश. त्यांना वाटलं, झालं काम. मुलीनं मात्र वही उघडून पुढचं पान लिहिलं: हात न टेकता खुर्चीतून दहा वेळा उठबस, अंगणातल्या फेऱ्या, जेवणात रोज डाळ-उसळ, दूध किंवा अंडी. "छाती तयार झाली म्हणून पाय आपोआप चालणार नाहीत," ती म्हणाली.

मला या व्यायामाचं मोल इथेच दिसतं. ज्याला उभं राहायचीच धास्ती वाटते, त्याला "रोज चाला" हा सल्ला ऐकायला बरा असतो, पाळता येत नाही. खुर्चीत बसून करता येईल, आकड्यात मोजता येईल आणि आठवड्यागणिक वाढलेली दिसेल, अशी एक तरी गोष्ट त्याच्या हाताला लागावी लागते. पण ती पहिली पायरी आहे, आणि सराव सोडला की मिळवलेलं हळूहळू ओसरतं. खुर्चीत कमावलेला दम अंगणात खर्च झाला, तरच तो टिकतो.