पाट्या अनेक, मालक थोडे

कापडाच्या धंद्यात हे नवे नाही. तागा एकाच गिरणीचा, त्यावर शिक्के मात्र चार. मोबाईलच्या बाजारातही आता तोच प्रकार आहे. फळीवर ओप्पो, वनप्लस, रियलमी अशी नावे दिसतात. रियलमी २०१८ साली ओप्पोच्याच घरातून निघाली आणि वनप्लस २०२१ साली ओप्पोच्या छत्राखाली गेली. रेडमी आणि पोको ही शाओमीची अपत्ये. गिऱ्हाईक तीन नावांचे भाव विचारते आणि सौदा फिरून एकाच घरात जातो. दुकानदारांनीही हे ध्यानात ठेवावे. त्या एका घराने कमिशन कापले तर अख्खी फळी अडचणीत येईल.

ब्लॅकबेरीने २०१६ साली स्वतः फोन बनवणे थांबवले, एलजीने २०२१ साली. आपली मायक्रोमॅक्स २०१४ च्या सुमारास सॅमसंगशी टक्कर देत होती. पुढे फोरजीचे स्वस्त फोन घेऊन चिनी कंपन्या आल्या आणि ती मागे पडली.

खरी गाठ फोनच्या आत आहे. आपल्याकडे फोन कोणताही घ्या, तो गूगलच्या अँड्रॉइडवर चालतो, नाहीतर ॲपलच्या प्रणालीवर. मायक्रोसॉफ्टसारख्या मातब्बर कंपनीलाही तिसरे दुकान चालवता आले नाही. गिऱ्हाईक नाही म्हणून ॲप नाहीत, ॲप नाहीत म्हणून गिऱ्हाईक नाही! भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये अँड्रॉइड प्रकरणी गूगलला १,३३७.७६ कोटी रुपये दंड केला. मार्च २०२३ मध्ये अपिलातही तो कायम राहिला. दरम्यान जानेवारी २०२३ मध्ये गूगलने भारतातील फोन कंपन्यांना आपली ॲप सुटी सुटी देण्याचे मान्य केले. त्यापूर्वी पूर्ण गठ्ठाच उचलावा लागे.