एक बासरी, आठ सेकंदांचा डिले: एकट्याने वाजवताना आत काय घडतं?

गिटारवाल्यांच्या पेडलमुळे ‘डिले’ हा शब्द आपल्याला ओळखीचा आहे. वाजवलेला सूर थोड्या वेळाने परत ऐकू येतो, बस्स. पण हा ‘थोडा वेळ’ अर्ध्या सेकंदावरून आठ सेकंदांवर नेला की तो इफेक्ट राहत नाही, साथीदार होतो. तुम्ही वाजवलेली ओळ आठ सेकंदांनी परत येते, तुम्ही तिच्यावर दुसरी चढवता, पुढच्या फेरीत दोन्ही मिळून येतात. एक माणूस, एक वाद्य, आणि मिनिटाभरात अख्खा ताफा.

ही कल्पना कॉम्प्युटरची नाही, टेपची आहे. १९६३ मध्ये अमेरिकन संगीतकार टेरी रायली पॅरिसमध्ये एका नाटकाच्या संगीतावर काम करत होते. ट्रम्पेटवर होते चेट बेकर. तिथल्या फ्रेंच रेडिओच्या एका इंजिनिअरने दोन टेपरेकॉर्डर शेजारी ठेवून एकच टेप दोन्हींमधून ओवली. पहिलं मशीन रेकॉर्ड करायचं, दुसरं तेच वाजवायचं आणि आवाज परत पहिल्याकडे पाठवायचं. रायली यांनी याला ‘टाइम लॅग अक्युम्युलेटर’ असं भारदस्त नाव दिलं, आणि सोप्रानो सॅक्सोफोनसाठी ‘डोरियन रीड्स’ आणि ‘पॉपी नोगुड अँड द फँटम बँड’ अशा रचना याच पद्धतीवर उभ्या केल्या. (पुढे १९७० मध्ये ते किराणा घराण्याचे पंडित प्राणनाथ यांचे शिष्य झाले. पण टेपचा हा खेळ त्याआधीचा, त्यामुळे त्याचं श्रेय आपण घ्यायला नको.)

टेपवर उशीर किती, हे सरळ अंतरावर ठरतं. टेप सेकंदाला १९ सेंटीमीटर पळत असेल आणि दोन मशीनच्या हेडमध्ये साधारण दीड मीटर अंतर असेल, तर डिले आठ सेकंदांचा. बदलायचा असेल तर टेबल सरकवा!

आजच्या डिजिटल डिलेमध्ये टेपच्या जागी मेमरी आहे. ती रहाटगाडग्यासारखी फिरते. प्रत्येक गाडग्यात आवाजाचा एक नमुना. गाडगं वर आलं की आधीचा नमुना ओतायचा आणि नवा भरायचा. सेकंदाला ४८,००० नमुने धरले तर आठ सेकंदांना ३,८४,००० गाडगी लागतात. १६ बिटमध्ये ही मेमरी एक एमबीसुद्धा होत नाही, त्यामुळे कुठलाही जुना लॅपटॉप हे काम हसत करतो.

खरी गंमत फीडबॅकच्या नॉबमध्ये आहे. ओतलेल्या पाण्यातलं किती पुन्हा गाडग्यात घालायचं, ते हा नॉब ठरवतो. ७० टक्के ठेवला तर सूर दर फेरीला सुमारे ३ डेसिबलने उतरतो आणि पाचव्या फेरीला मूळ आवाजाचा सहावा हिस्सा उरतो. १०० टक्क्यांवर काहीच मरत नाही, आणि त्यापुढे गेलात तर आवाज चढत जाऊन शेवटी फाटतो. टेपवर दर फेरीला वरच्या पट्टीची धार आपोआप बोथट व्हायची, जुने थर मागे सरकायचे. डिजिटलमध्ये तसं होत नाही. म्हणून मी फीडबॅकच्या वाटेवर एक लो-पास फिल्टर लावतोच. हे न केल्यास बासरीची फुंकसुद्धा सुराइतकीच ठळकपणे परत परत येते, आणि थोड्या वेळाने श्रोत्यांना संगीत कमी आणि दमेकरी जास्त ऐकू येतो.

आता वाजवण्याचं. मिनिटाला १२० मात्रा धरल्या तर आठ सेकंद म्हणजे बरोबर १६ मात्रा, तीनतालाचं एक आवर्तन. ऐकायला सोयीचं वाटतं ना? पण लेहरा धरणारा माणूस तुमच्याकडे बघत असतो, तुम्ही थोडे पुढे सरकलात तर सांभाळून घेतो. डिले बघत नाही. तुमची लय १२१ झाली तर तुम्ही समेवर सुमारे ६६ मिलिसेकंद आधी पोचता. ते कानाला स्पष्ट कळतं, आणि तो फरक पुढच्या फेऱ्यांमध्येही ऐकू येत राहतो. त्यामुळे मी पाय हलवून मात्रा मोजत नाही, परत येणारी ओळ ऐकून तिच्यावर बसतो.

सूर निवडतानाही तेच. डोरियन म्हणजे आपला काफी थाट: गंधार आणि निषाद कोमल. सगळे सूर एकमेकांवर पडणारच आहेत, तेव्हा रे आणि कोमल ग यांपैकी एकावरच थांबायचं, दुसरा जाता जाता घ्यायचा. ध आणि कोमल नी यांचंही तसंच. दोन्हींवर रेंगाळलात की पुढची दोन मिनिटं ती घासाघीस सगळ्यांना ऐकावी लागते. खोडरबर नाही.

काहीजण आधीच रेकॉर्ड केलेल्या ट्रॅकवर वाजवतात. स्टीव्ह राइश यांच्या ‘इलेक्ट्रिक काउंटरपॉइंट’सारख्या रचना तर त्यासाठीच आहेत. पण डिलेच्या रचनेत ट्रॅक लावणं मला पटत नाही. श्रोता बघत असतो की आत्ता वाजलेलं परत येतंय, आणि यात काहीही बिघडू शकतं. ती धाकधूक काढून घेतली तर उरतो फक्त गोड आवाज.

स्टेजवरचा मोठा धोका माइकचा. स्पीकरमधला डिलेचा आवाज पुन्हा माइकमध्ये शिरला की नॉब ७० वर असूनही खरा फीडबॅक ७० राहत नाही. म्हणून एका दिशेने ऐकणारा, म्हणजे कार्डिओइड माइक घ्या, तो फुंकेच्या झोतातून थोडा बाजूला पण जवळ ठेवा, आणि स्पीकर माइकच्या पाठीमागे. छोट्या हॉलमध्ये बासरीचा मूळ आवाज स्पीकरवर घेऊच नका, फक्त डिले घ्या.

शेवट आधीच ठरवून ठेवा. ७० टक्क्यांवर हात थांबवलात तर आवाज ६० डेसिबल उतरायला जवळपास २० फेऱ्या लागतात, म्हणजे अडीच मिनिटांहून जास्त. तेवढा वेळ बासरी हातात धरून उभं राहायचं नसेल तर शेवटच्या सुरानंतर नॉब हळूच ४० वर आणा. मग मिनिटाभरात शांतता होते.