सिंहाच्या छाव्याला दूध पाजायला आफ्रिकेत जाताय? पैसे भरण्याआधी हे वाचा

मांडीवर सिंहाचा छावा, हातात दुधाची बाटली आणि खाली कॅप्शन : ‘पोरक्या छाव्यांची सेवा’. सोशल मीडियावर असे फोटो भरपूर लाइक्स मिळवतात. आफ्रिकेत वन्यजीव संवर्धनासाठी स्वयंसेवक म्हणून जाण्याची पॅकेजेस याच फोटोंवर विकली जातात. काम फुकट करायचे, वर राहण्या-खाण्यासह शुल्कही आपणच भरायचे. पण हा पैसा खरेच संवर्धनाला जातो का?

छावे पोरके कसे होतात?

अनेकदा ते पोरके नसतातच. दक्षिण आफ्रिकेत ३००हून अधिक ठिकाणी सुमारे ८ हजार सिंह बंदिस्त आहेत. तिथल्या जंगलांतील सिंहांपेक्षा ही संख्या मोठी आहे. यातील अनेक फार्मवर छावे जन्मानंतर काही दिवसांतच आईपासून तोडले जातात. पिल्ले जवळ नसली की सिंहीण लवकर पुन्हा माजावर येते. त्यामुळे पर्यटकांसाठी नवे छावे मिळत राहतात.

मोठे झाल्यावर त्यांचे काय होते?

माणसाच्या हातावर वाढलेल्या सिंहाला जंगलात सोडता येत नाही. त्याला शिकार येत नाही आणि माणसाची भीतीही उरलेली नसते. असे अनेक सिंह ‘कॅन्ड हंटिंग’साठी, म्हणजे कुंपणातल्या शिकारीसाठी वापरले जातात. पुढे हाडांचा व्यापार. दक्षिण आफ्रिकेने २०१७मध्ये ८००, तर २०१८मध्ये १,५०० सांगाड्यांच्या निर्यातीचा कोटा ठरवला होता. २०१९मध्ये तिथल्या न्यायालयाने हे कोटे बेकायदा ठरवले. ‘ब्लड लायन्स’ (२०१५) या माहितीपटाने हा धंदा जगासमोर आणला. हा व्यवसाय टप्प्याटप्प्याने बंद करण्याच्या धोरणाला २०२४मध्ये तिथल्या मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. मात्र फार्म एका रात्रीत बंद होत नाहीत.

मग खरे काम कुठे चालते?

केनियातील लायकिपिया भागातली ओल पेजेटा कॉन्झर्व्हन्सी हे एक उदाहरण. सुमारे ९० हजार एकरांच्या या क्षेत्रात ‘सुदान’ हा जगातील शेवटचा नर उत्तरी पांढरा गेंडा १९ मार्च २०१८ रोजी गेला. नाजिन आणि फातू या मायलेकी तेवढ्या उरल्या असून त्यांच्याभोवती चोवीस तास सशस्त्र पहारा असतो. चांगल्या कॉन्झर्व्हन्सीत स्वयंसेवकाचे काम फोटोजेनिक नसते : प्राण्यांची गणती, कॅमेरा ट्रॅपच्या फोटोंची वर्गवारी, रेंजरसोबत तारेचे फास काढणे, उपरी झुडपे उपटणे. प्राण्याला हात लावण्याची वेळ सहसा येतच नाही.

बुकिंगआधी विचारा

• छाव्यांना हाताळणे, त्यांच्यासोबत फिरणे पॅकेजमध्ये आहे का? असेल तर तिथेच थांबा.
• तिथे प्रजनन होते का? मोठे झालेले प्राणी कुठे जातात?
• शुल्कातील किती रक्कम संवर्धनाला जाते?
• स्थानिकांना रोजगार मिळतो की त्यांचेच काम स्वयंसेवकाकडून करून घेतले जाते?
• विनामोबदला कामासाठी वेगळा परवाना लागतो का? दूतावासाकडून खात्री करा.

केनियाला जाणाऱ्यांनी यलो फीव्हरची लस किमान १० दिवस आधी घ्यावी. प्रमाणपत्र नसेल तर भारतात परतल्यावर क्वारंटाइन व्हावे लागू शकते.

आणि छाव्याचे पुढे काय होते, याचे सरळ उत्तर मिळाले नाही, तर पैसे भरू नका.