नेट गेलं तरी आजीचं बोलणं थांबू नये

आमच्या भोपाळच्या घरी जूनमध्ये आँधी आली की सगळं ठरलेलं असतं. आधी गच्चीवरच्या पापड-कुरडया गोळा करायची धावपळ, मग लाइट जाणार आणि पाठोपाठ वायफायही. यंदा त्या आँधीत माझं आणखी काहीतरी गेलं.

आजी आता नव्वदीला टेकली आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भोपाळ नव्या मध्य प्रदेशची राजधानी झालं. त्याआधी राजधानी होती नागपूर. त्यामुळे तिथल्या कितीतरी मराठी कर्मचाऱ्यांना बिऱ्हाड उचलून इकडे यावं लागलं. आमचे आजोबा त्यांतलेच. आजी तेव्हा वीस वर्षांची, नवी सून. तिच्या आठवणी लिहून काढायचं मी ठरवलं. गूगल डॉक्समध्ये फाइल केली, पुण्याच्या आत्याला आणि बंगळुरूच्या दादाला जोडून घेतलं. ती सांगणार, मी टाइप करणार.

त्या संध्याकाळी ती नागपूर स्टेशनवर निरोप द्यायला आलेल्या तिच्या वडिलांबद्दल बोलत होती. ते काय म्हणाले, हे सांगत असतानाच वायफाय गेलं. लॅपटॉप बॅटरीवर चालू होता, पण पान अडकलं, अक्षर उमटेना. मी म्हटलं, "आजी, थांब गं जरा, नेट येऊ दे." कागद-पेन घ्यायचंसुद्धा सुचलं नाही! नेट आलं तेव्हा आजी झोपली होती. दुसऱ्या दिवशी विचारलं, तर म्हणाली, "सांगितलं ना काल." आणि मोठ्या आवाजात सांगितलेलं लक्षात ठेवायची सवय आपल्या पिढीला कुठे राहिली आहे?

चूक माझीच होती. नेट नसतानाही लिहिता येण्याची सोय गूगल डॉक्समध्ये आहे, मी ती सुरूच केली नव्हती. अट एकच: नेट असतानाच ती सुरू करून ठेवायची. छत्री पाऊस यायच्या आधीच घ्यावी लागते, तसंच हे.

लॅपटॉपवर क्रोम किंवा एज ब्राउझर हवा. त्यात गूगल डॉक्स ऑफलाइन नावाचं एक्स्टेन्शन जोडायचं. मग गूगल ड्राइव्हच्या सेटिंग्जमध्ये जाऊन ऑफलाइनचा पर्याय चालू करायचा. अलीकडे उघडलेल्या फाइल्स आपोआप साठवल्या जातात, पण महत्त्वाच्या फाइलवर राइट क्लिक करून ती ऑफलाइनसाठी मुद्दाम निवडून ठेवलेली बरी. मोबाइलच्या अ‍ॅपमध्ये फाइलशेजारच्या तीन ठिपक्यांत हाच पर्याय सापडतो. एकदा वायफाय बंद करून दोन ओळी लिहून बघायच्या, म्हणजे खात्री होते.

काही गोष्टी लक्षात ठेवायच्या. लिहिलेलं नेट येईपर्यंत फक्त आपल्याच यंत्रात असतं. तेवढ्यात ब्राउझरचा डेटा पुसून टाकला, तर तेही जातं. इन्कॉग्निटो खिडकीत ही सोय चालत नाही. सायबर कॅफेच्या किंवा ऑफिसमधल्या सामायिक कॉम्प्युटरवर ती सुरू करू नये, आपल्या फाइल्स तिथे साठून राहतात. दोघांनी एकाच वेळी तेच वाक्य बदललं, तर जोडताना गुंता होऊ शकतो. म्हणून मी घरच्या ग्रुपवर सांगून टाकते, "आज तिसऱ्या भागाला कुणी हात लावू नका." आणि मराठी टाइप करायची सोयही नेटवर अवलंबून नको. विंडोजमध्ये २०१९ पासून मराठी फोनेटिक कळफलक आहे, तो नेटशिवाय चालतो.

जुलैमध्ये भाच्याच्या बारशाला आजीला घेऊन नागपूरला निघालो. इटारसी सोडली, घोडाडोंगरीनंतर घाट लागला आणि फोनची रेंज गेली. खिडकीबाहेर सागाची हिरवी झाडं, बोगदे. आजी एकदम म्हणाली, "येताना याच घाटात मी रडले होते. तुझ्या आजोबांनी मला डब्यातला दशमीचा तुकडा दिला, तोही न बोलता." मी लॅपटॉप उघडला. या वेळी "थांब" म्हटलं नाही. बैतूल येईपर्यंत तिने सासूबाईंच्या पितळी पातेल्यांपासून क्वार्टरच्या कोऱ्या भिंतींपर्यंत सगळं सांगितलं.

आमल्याला रेंज आली आणि लिहिलेलं आपोआप वर गेलं. पाच मिनिटांत आत्याने पुण्याहून दुरुस्ती केली: "दशमी नव्हे, गुळाची पोळी. आई विसरली." आजीला वाचून दाखवलं, तर म्हणाली, "ती तेव्हा जन्मली तरी होती का?"

नागपूर स्टेशनवर उतरल्यावर मी हळूच विचारलं, "आजी, तुझे बाबा इथेच उभे होते ना? काय म्हणाले होते?" तिने फलाटाकडे बराच वेळ पाहिलं आणि माझा हात धरून चालू लागली.

फाइलमध्ये ती ओळ अजून रिकामी आहे. तुमच्या घरच्या फाइलमध्ये तशी ओळ राहू नये, म्हणून आजच, नेट आहे तोवर, तेवढं एक बटण दाबून ठेवा.