झोपाळ्याखालचा खड्डा

सार्वजनिक बागेतल्या कुठल्याही जुन्या झोपाळ्याखाली पाहावं, तिथे एक खड्डा असतो. बशीसारखा उथळ, झोक्याच्या दिशेने लांबट, दोन्ही टोकांना भुसभुशीत माती साचलेली. वेग घेताना आणि थांबताना मुलं पाय घासत नेतात, त्या घासण्याने तो पडतो. उद्यान विभागाच्या लेखी ही दुरुस्तीची बाब. पण बागेला गुण द्यायला निघालेल्या माणसाला याहून खरं हजेरीपत्रक मिळणार नाही. शेजारशेजारच्या दोन झोपाळ्यांपैकी एकाखालचा खड्डा जास्त खोल दिसला की मान वर करून पाहावं. बहुतेकदा कारण सापडतं: त्या बाजूला संध्याकाळी झाडाची सावली येते, किंवा दुसऱ्याची एक साखळी दुरुस्तीत आखूड झाल्याने पाट तिरका लटकतो. पावसाळ्यात त्याच खड्ड्यात पाणी साठतं आणि आणखी एक गोष्ट दिसते. झोपाळा नुसताच लटकलेला असतो आणि दोन वर्षांचं मूल त्याच्याजवळ उकिडवं बसून काडीने गढूळ पाणी ढवळत असतं. सोबतचे आजोबा समजूत घालत असतात, ‘अरे, झोक्यावर बस ना, त्यासाठीच तर आलोय.’

त्या आजोबांच्या वाक्यात बागा तोलण्याची आपली सगळी पद्धत आली. लहान मुलांना घेऊन शहरातल्या बागा पालथ्या घालणारे आणि त्यांना तारे किंवा दहापैकी गुण देणारे पालक आता पुण्या-मुंबईत पुष्कळ आहेत. सोसायटीच्या ग्रुपवर सुट्टीच्या सकाळी ‘कुठली बाग चांगली?’ हा प्रश्न ठरलेला. उत्तरंही ठरलेली: खेळणी किती, नवी आहेत का, रबरी फरशी आहे का, गाडी लावायला जागा मिळते का. म्हणजे गुण मिळतात ते सामानाला. माझं म्हणणं असं की, एक ते पाच वर्षांच्या मुलांसाठी बाग जोखायची तर वेळ मोजावा. आणि तोही पहिली पंधरा मिनिटं सोडून. पहिल्या पंधरा मिनिटांत बहुतेक बागा सारख्याच छान वाटतात. लाल-पिवळ्या प्लास्टिकच्या मोठ्या खेळण्यावर मूल जिना चढतं, घसरतं, वळसा घालून पुन्हा जिन्याशी येतं. काही फेऱ्या झाल्या की तेच मूल घसरगुंडीवर खालून वर चढू लागतं. मग वरून खडे सोडून ते कसे घरंगळतात ते पाहतं, आणि शेवटी माचाखालच्या अंधाऱ्या जागेत जाऊन बसतं. मोठ्यांना हा वात्रटपणा वाटतो. पण बनवणाऱ्याने आखून दिलेला खेळ संपून मुलाचा स्वतःचा खेळ सुरू होतो, तो नेमका इथे. बागेचा कस लागतो तोही इथेच: मुलाला इथे आणखी काय काय करता येतं?

याचं उत्तर पुष्कळदा खेळणं म्हणून न बसवलेल्या वस्तूंत असतं. दादरचं शिवाजी पार्क १९२५ मध्ये लोकांसाठी खुलं झालं आणि १९२७ मध्ये त्याला शिवाजी पार्क हे नाव मिळालं. क्रिकेट आणि सभांइतकाच तिथला कट्टाही नावाजलेला. लहान मुलाच्या नजरेने पाहिलं तर हा मैदानाला वळसा घालणारा तोल सांभाळायचा खेळ आहे. मूल एका हाताचा आधार घेऊन त्यावरून चालतं, गप्पा मारत बसलेल्या कोणाशी तरी अडतं, उतरतं, पुढे जाऊन पुन्हा चढवून घेतं. कट्टा बसण्यासाठीच असल्यामुळे मोठ्यांनाही घाई नसते. हेच सूत्र आल्डो फान आइक या डच वास्तुरचनाकाराने अ‍ॅमस्टरडॅममध्ये जाणूनबुजून वापरलं. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७ पासून तीन दशकांत, त्याने त्या शहरातल्या पडीक तुकड्यांवर आणि चौकांत ७०० हून अधिक खेळजागा आखल्या. त्यांत असायचा वाळूचा हौद, लोखंडी नळ्यांच्या कमानी आणि उड्या मारायला काँक्रीटचे ठोकळे. हौदाची कड रुंद. मुलांनी त्यावर वाळूचे लाडू थापावेत आणि मोठ्यांनी बसावं. कमान म्हणजे घर की डोंगर, हे ज्याचं त्याने ठरवायचं. आपल्याकडे याची अर्धी बाजू पाहायची तर पुण्याच्या पु. ल. देशपांडे उद्यानात जावं. ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेल्या त्या भागात घसरगुंडी नाही, तरी वाहतं पाणी, मासे आणि पूल यांच्यापुढे लहान मूल खिळून राहतं. फक्त पायवाट सोडली की शिट्टी वाजते. पाहायला दहापैकी दहा, हात लावायला शून्य.

खेळ संपतो कसा, हेही तपासावं. लहान मूल स्वतः कंटाळून बाग सोडतं असं क्वचितच घडतं. बहुधा त्याला आणणारा माणूस थकतो. पाठीला टेकू नसलेलं बाकडं, खेळणी एका टोकाला आणि बसायची जागा दुसऱ्या टोकाला, संध्याकाळचे डास, स्वच्छतागृहाला कुलूप, यांतलं काहीही ‘चल, उशीर झाला’ म्हणायला पुरेसं असतं. म्हणून सावली, पाण्याचा नळ आणि स्वच्छतागृह यांचे गुण सोयींच्या रकान्यात न टाकता खेळाच्या रकान्यात टाकायला हवेत. पश्चिमेकडे तोंड केलेली पत्र्याची घसरगुंडी एप्रिलमध्ये संध्याकाळी पाचलाही तापलेली असते; तळहाताऐवजी हाताची मागची बाजू टेकवून पाहिली तर लगेच कळतं. काळी रबरी फरशीही उन्हात तशीच भाजते. त्यात अनेक बागा दुपारी बंद. दुपारी झोपणाऱ्या आणि रात्री लवकर निजणाऱ्या मुलाच्या वाट्याला जेमतेम दीड-दोन तास उरतात, आणि त्यांतला निम्मा वेळ घसरगुंडी निवण्याची वाट पाहण्यात जातो. फाटकापासूनच हे सुरू होतं. दुचाकी आणि गुरं आत येऊ नयेत म्हणून बसवलेला आडवातिडवा लोखंडी अडसर बाबागाडीही अडवतो. पुणे महापालिकेने ज्या ‘अर्बन ९५’ उपक्रमात भाग घेतला, त्याचं नाव तीन वर्षांच्या मुलाच्या सरासरी उंचीवरून, ९५ सेंटीमीटरवरून, पडलं आहे. त्या उंचीवर डोळे आणून एकदा फाटकातून आत शिरून पाहावं, निम्मं परीक्षण तिथेच होतं.

यावर पहिला आक्षेप सुरक्षिततेचा, आणि तो रास्त आहे. मूल उलटं चढतंय, चिखलात बसलंय, याचं कौतुक करायचं आणि डोकं फुटलं तर? सुरक्षिततेला मी गुणांमध्ये धरतच नाही. ती उंबरठ्यावरची अट आहे, पास किंवा नापास. शिवाय ती डोळ्यांनी आणि मोजपट्टीने तपासता येते. कठड्याच्या दोन गजांत किंवा जिन्याच्या दोन पायऱ्यांत साधारण ९ ते २३ सेंटीमीटरची मोकळी फट असेल, तर लहान मुलाचं अंग त्यातून जाऊन डोकं अडकू शकतं. एका चौकटीत दोनपेक्षा जास्त झोपाळे नसावेत. खेळण्यांवरच्या इजांमध्ये सर्वांत मोठा वाटा पडण्याचा असतो, म्हणून खेळणं किती उंच याच्या जोडीला खाली काय आहे ते पाहावं. काँक्रीटवर बसवलेली बुटकी घसरगुंडीही नापास. पण या अटी पाळणारी बाग नीरस असलीच पाहिजे, असं कुठे आहे? धोका दोन प्रकारचा असतो. उंचवट्यावरून उडी मारू की नको, हा मुलाला दिसणारा आणि मापता येणारा धोका. गंजून सैल झालेला बोल्ट त्याला दिसत नाही. दुसरा काढायचा, पहिला ठेवायचा. पुढचा आक्षेप वाळूवर घेतला जातो: कुत्री-मांजरं ती घाण करतात, काचा सापडतात. खरं आहे. पण त्यावर रात्रीचं झाकण, रोजचं फावडं आणि ठरावीक काळाने नवी वाळू, हे उपाय आहेत. वाळू नकोशी होते ती माळ्याचा पगार वाचवायचा असतो तेव्हा. खेळणी एकदाच विकत घेता येतात, वर नाव घालून पाटीही लावता येते. रोज फावडं मारणाऱ्याच्या नावाची पाटी कोणी लावत नाही.

तिसरा आक्षेप जास्त अडचणीचा आहे. प्रत्येक मूल वेगळं, एकाला रमवणारी बाग दुसऱ्याला रडवते. मग अशा गुणांना अर्थ काय? आणि मोकळ्या जागांचाच दुष्काळ असलेल्या शहरात आहे त्या बागेत नाकं मुरडणं हा सुखवस्तू चोचला नाही का? पहिल्या प्रश्नाला उत्तर सोपं आहे: एका मुलावरून गुण देऊच नयेत. बाकावर बसून तिथली सगळीच मुलं पाहावीत. सकाळी, संध्याकाळी, सुट्टीच्या दिवशी आणि आडवारी. दुसऱ्यासाठी सहल आणि रोजची बाग यांत फरक करावा लागेल. मलबार हिलच्या कमला नेहरू पार्कमधला म्हातारीचा बूट किंवा पुण्याच्या पेशवे पार्कात १९५६ पासून ओळखीची झालेली फुलराणी ही छोटी आगगाडी, ही सहलीची ठिकाणं. वर्षातून दोनदा जावं, फोटो काढावा, मूल खूश होतं. पण तीन वर्षांच्या मुलाला रोज मिळायला हवी ती त्याच्या पायांनी गाठता येणारी बाग, आणि गुणांच्या यादीत नेमकी तीच येत नाही. चांगल्या बागेला तारे देऊन तिथली गर्दी वाढवण्यापेक्षा कोपऱ्यावरच्या दुर्लक्षित बागेचं प्रगतिपुस्तक भरून वॉर्ड ऑफिसात देणं जास्त उपयोगी. तो चोचला नाही. खेळण्याचा हक्क मुलांना देणारं ३१ वं कलम ज्या बालहक्क करारात आहे, तो भारताने १९९२ मध्ये स्वीकारला. जागा कमी आहे, म्हणूनच आहे त्या प्रत्येक गुंठ्यावर किती वेळ खेळ होतो, हे विचारायला हवं.

आता पुन्हा त्या खड्ड्याकडे. तो भरायलाच हवा, कारण मूल जिथे पडण्याची शक्यता सर्वांत जास्त, नेमकी तिथलीच मऊ माती निघून गेलेली असते. तो तीन प्रकारे हाताळलेला दिसतो. काही ठिकाणी तसाच सोडलेला, तळाचा दगड उघडा पडेपर्यंत. काही ठिकाणी सिमेंटने कायमचा बुजवलेला, म्हणजे तक्रारही नाही आणि मातीही नाही. आणि एखाद्या बागेत ताजी माती टाकून सारखा केलेला, त्यावर पायांच्या नव्या रेघा उमटायला लागलेल्या, शेजारी माळ्याचं घमेलं. पूर्ण गुण त्या तिसऱ्या बागेला. पण लगेच देऊ नयेत. महिन्याभराने पुन्हा जावं, आणि खड्डा परत पडला असेल तर द्यावेत.