तारखा त्यांच्या, हंगाम आपले

१९ ते २५ नोव्हेंबर हा जागतिक वारसा सप्ताह. या दिवसांत संग्रहालयं आणि पुरातत्त्व खात्याची कार्यालयं प्रदर्शनं भरवतात, व्याख्यानं ठेवतात, जुन्या वास्तू दाखवायला माणसं सोबत देतात. १९ तारखेला तर अजिंठा-वेरूळसारख्या केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांचं तिकीटही माफ असतं. पुढे १८ एप्रिलला जागतिक वारसा दिन येतो आणि १८ मे रोजी आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिन.

आमच्या बचत गटाच्या बैठकीत मी या तारखा वाचून दाखवल्या तेव्हा एक वहिनी पटकन म्हणाल्या, "ताई, नोव्हेंबरात धानाचे पुंजणे कोन सांभाळन जी?"

खरंच की! नोव्हेंबर म्हणजे कापणी आणि मळणी. एप्रिलमध्ये पहाटे उठून मोहफुलं वेचायची. मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायचा, संध्याकाळपर्यंत पुडके बांधायचे. तिन्ही तारखा नेमक्या अशा, की तिरोडा, गोरेगाव, सालेकसा भागातल्या बाईच्या हाताला त्या दिवशी उसंत नसते. या तारखा जगासाठी ठरल्या आहेत, त्यांना धानाचा हंगाम माहीत असायचं कारण नाही. पण आपल्याकडचे कार्यक्रम ठरवणाऱ्यांना तो माहीत असायला हवा ना? त्यातून कार्यक्रम कामाच्या दिवशी सकाळी अकराला आणि शहरात. मग समोर खुर्च्यांवर कोण बसणार? शाळेतून रांगेनं आणलेली मुलं आणि निवृत्त मंडळी. बायका नाहीतच.

दुसरी अडचण मनातली. "आमाले का समजते तिथलं?" हे वाक्य मी किती जणींकडून ऐकलं असेल. देवदर्शनाला निघालं तर घरचे अडवत नाहीत. पण संग्रहालय पाहायला जाते म्हटलं, की "तिथं काय ठेवलंय?" असा प्रश्न येतोच.

काय ठेवलंय ते सांगते. रामटेकला आपल्यापैकी बहुतेकजणी जाऊन आल्या आहेत, रामाचं दर्शन घेऊन परतल्या आहेत. तिथून अगदी जवळ नगरधन आहे. हेच वाकाटक राजांचं नंदिवर्धन. सुमारे सोळाशे वर्षांपूर्वी या गावातून एका बाईनं राज्य चालवलं. तिचं नाव प्रभावतीगुप्ता. उत्तरेतल्या दुसऱ्या चंद्रगुप्ताची ही लेक वाकाटकांच्या घरी सून होऊन आली. नवरा, दुसरा रुद्रसेन, लवकर गेला. मुलं लहान. तिनं कारभार हातात घेतला आणि निदान तेरा वर्षं तरी सांभाळला, कारण तेराव्या वर्षी तिनं नंदिवर्धनहून दिलेला दानाचा ताम्रपट मिळाला आहे. गंमत म्हणजे त्यात तिनं आधी सांगितली ती माहेरच्या गुप्त घराण्याची वंशावळ! लग्नानंतर आपलं नावसुद्धा बदलतं, हे लक्षात घेऊन वाचा. २०१५ ते २०१८ या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं आणि राज्याच्या पुरातत्त्व विभागानं नगरधनला उत्खनन केलं, तेव्हा तिच्या नावाची मातीची मुद्राही सापडली. त्यावर ब्राह्मी अक्षरं आहेत आणि शंख आहे. हे वाचून दाखवलं तेव्हा गटातल्या दोघी एकल बायका बराच वेळ काही बोलल्या नाहीत. नंतर त्यांतलीच एक म्हणाली, "तिले कोनी टोकलं नसन का?"

भंडारा जिल्ह्यातल्या पवनीचंही तसंच. १९६९-७० मध्ये तिथं खोदकाम झालं आणि मोठे बौद्ध स्तूप उजेडात आले. दगडांवर दान देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत. आपण मंदिराच्या फरशीवर नाव टाकतो, तशीच ती पद्धत.

नागपूरचा 'अजब बंगला', म्हणजे मध्यवर्ती संग्रहालय, १८६३ सालचं. लहानपणी पेंढा भरलेले प्राणी पाहायला आपण जायचो. आता मुलांना नेताना प्राण्यांपाशी थोडा वेळ थांबा, पण मूर्ती, नाणी आणि आदिवासी जीवनाचं दालन चुकवू नका. निघण्याआधी सुट्टीचा वार मात्र विचारून घ्या.

२०२५ च्या जुलैमध्ये शिवकालीन बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. त्यात प्रतापगड आहे, पण तो साताऱ्याचा. आपलाही एक प्रतापगड आहे, अर्जुनी मोरगाव तालुक्यात. तिथं एकाच डोंगरावर महादेव आणि दर्गा दोन्ही, आणि महाशिवरात्रीला केवढी गर्दी! यादीत त्याचं नाव नसलं, तरी आपल्या बायका तिथं चालत जातात.

तसंच कचारगडचं. सालेकसा तालुक्यातल्या त्या गुहांकडे माघ पौर्णिमेला अनेक राज्यांतून गोंड समाजाचे लोक येतात, पारी कुपार लिंगो आणि जंगो मातेला वंदन करतात. माघ पौर्णिमेला धान घरात आलेलं असतं आणि मोह अजून गळायला लागलेला नसतो. आजी-पणजींनी धरलेली ही तारीख पाहा, आणि सरकारी पत्रिका पाहा.

म्हणून आमच्या गटानं असं ठरवलं, की सप्ताहाच्या नादी लागायचं नाही. मळणी आटोपली, की जानेवारीतल्या एका रविवारी तुमसरमार्गे रामटेक आणि नगरधन. गाडीभाडं वर्गणी काढून, डबे घरचे. तिथं स्वच्छतागृहाची सोय कशी आहे, हे आधी एकीनं जाऊन पाहायचं, कारण बायका दिवसभर पाणी न पिता फिरतात ते यामुळेच. आणि ब्राह्मी राहू द्या, पण मराठीत समजावून सांगणारी कुणीतरी प्राध्यापिका सोबत मिळते का, याची चौकशी सुरू आहे.

आतापर्यंत अकरा जणींनी नावं दिली आहेत. चौघी म्हणाल्या, घरी विचारून सांगतो.